डेल्टातून गळलेली माणसं

सोमवारी रुजू झालेल्या माणसाला गुरुवारपर्यंत ईमेल मिळालेला नसतो. तो एचआरकडे जातो. तिथे सांगतात, "तुमची नोंद पहिल्याच दिवशी केली आहे, ही बघा." मग तो आयटीकडे जातो. तिथे स्क्रीन फिरवून दाखवतात: इम्पोर्ट दर पंधरा मिनिटांनी चालतोय, दर वेळी यशस्वी, चुका शून्य. दोघंही खरं बोलत असतात आणि माणूस मात्र मधल्या मध्ये गळलेला असतो.

मोठ्या संस्थेत कर्मचारी कोण आणि कोण नाही, याचं अधिकृत उत्तर एचआरच्या डेटाबेसमध्ये असतं. ते उत्तर वाचून ॲक्टिव्ह डिरेक्टरी, मेल, व्हीपीएन, पगाराचं पोर्टल अशा ठिकाणी खाती उघडायची, बदलायची, बंद करायची हे काम आयडेंटिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं. रोजच्या बोलण्यात त्याला आयडीएम म्हणतात. सुरुवातीला सगळी यादी एकदा ओढून घेतात. तो फुल इम्पोर्ट. पन्नास हजार माणसांची यादी नुसती वाचायला फार वेळ लागत नाही, पण त्यातली प्रत्येक ओळ आपल्याकडच्या नोंदीशी ताडून बघायला तास जातात. म्हणून पुढे आयडीएम फक्त एवढंच विचारतं, की मागच्या वेळेनंतर काय बदललं? हा डेल्टा, किंवा इन्क्रिमेंटल इम्पोर्ट.

डेल्टाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ आयडीएममध्ये शोधून सापडत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. डेल्टा एका वचनावर चालतो आणि ते वचन द्यायचं असतं डेटाबेसने: प्रत्येक बदल ठरलेल्या एका रकान्यात खूण सोडेल, आणि ती खूण आधी वाचून झालेल्या सगळ्या खुणांपेक्षा मोठी असेल. हे वचन लेखी कोणी देत नाही. एचआरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तर आपण ते दिलंय याचा पत्ताही नसतो.

उदाहरणाला मिडपॉइंट घेऊ. स्लोव्हाकियातल्या इव्होल्व्हियम या कंपनीचं हे मुक्तस्रोत आयडीएम. डेटाबेसशी बोलायला त्यात 'डेटाबेस टेबल' नावाचा कनेक्टर आहे. कनेक्टरला बदलाच्या खुणेचा रकाना कोणता ते सांगायचं. तिथे साधारणपणे 'शेवटचा बदल' हा तारीख-वेळेचा रकाना देतात. मिडपॉइंट त्यात वाचलेली सगळ्यात मोठी किंमत टोकन म्हणून जपून ठेवतं आणि पुढच्या फेरीत त्या टोकनपेक्षा मोठ्या खुणा असलेल्या ओळी मागतं. यंत्रणा इतकी साधी आहे. इतर आयडीएममध्ये नावं वेगळी असतील, पण टोकन आणि त्याच्यापुढचं वाचणं हा गाभा सगळीकडे तोच. इथेच नवख्याला पहिली ठेच लागते. टोकन नसताना मिडपॉइंटचं हे काम पहिल्यांदा सुरू केलं, तर ते त्या क्षणाचं टोकन घेतं आणि तिथून पुढचे बदल वाचतं. टेबलात आधीपासून असलेली माणसं येत नाहीत. हा बिघाड नाही. त्या माणसांसाठी फुल इम्पोर्ट वेगळा चालवायचा असतो.

तक्रार आली की हात आपोआप फुल इम्पोर्टच्या बटणाकडे जातो. तो आवरावा. फुल इम्पोर्टने गळलेला माणूस बहुधा येतो, तक्रार मिटते, आणि तो का गळला हे कळायची संधीही जाते, कारण पुरावा पुसला जातो. पुढच्या महिन्यात दुसरा कोणी गळतोच. आधी आत्ताचं टोकन लिहून ठेवावं. मग गळलेल्यांपैकी एकच माणूस धरावा आणि त्याच्या मागे जावं. मूळ टेबलात त्याची ओळ आहे का? आयडीएमला दाखवलेल्या व्ह्यूमध्ये आहे का? तिच्या खुणेच्या रकान्यात नेमकं काय आहे? तो आकडा टोकनपेक्षा लहान की मोठा? आयडीएम जी क्वेरी चालवतं तीच क्वेरी, त्याच टोकनसह, आयडीएमच्याच डेटाबेस लॉगिनने हाताने चालवली तर ती ओळ येते का? लॉगिन तेच असावं, कारण डीबीएच्या लॉगिनला दिसणारी ओळ आयडीएमच्या लॉगिनला दिसेलच असं नाही. आणि इम्पोर्ट मुख्य सर्व्हरऐवजी मागे चालणाऱ्या रेप्लिकावरून होत असेल, तर तपासही तिथेच करावा. एवढ्या प्रश्नांत दोष डेटाबेसच्या बाजूला आहे की आयडीएमच्या, हे बहुतेक वेळा ठरून जातं.

ओळ आहे पण खूण जुनीच आहे, हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं. एचआरच्या स्क्रीनवरून बदल केला की ते सॉफ्टवेअर 'शेवटचा बदल' रकाना भरतं. पण मार्चअखेर कोणीतरी दोनशे जणांचा विभाग थेट एसक्यूएल लिहून बदलतं, आणि त्या एका ओळीच्या अपडेटमध्ये तारखेचा रकाना राहून जातो. खूण ठेवायचं काम ॲप्लिकेशनवर सोडलं की हे होणारच. ते काम डेटाबेसकडे, म्हणजे ट्रिगरकडे द्यावं. मायएसक्यूएलमध्ये रकान्याच्या व्याख्येतच बदलाबरोबर वेळ आपोआप भरायची सोय आहे. ट्रिगरही मात्र सर्वज्ञ नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बल्क इन्सर्टने भरलेल्या ओळींवर ट्रिगर चालत नाहीत, ते चालवा असं मुद्दाम सांगावं लागतं.

खूण रिकामी असली तर आणखी गोची. नल ही किंमत कशाहीपेक्षा मोठी नसते आणि लहानही नसते, त्यामुळे ती ओळ कुठल्याच डेल्टात येत नाही. जुन्या सिस्टीममधून आणलेल्या ओळींत असे नल हमखास सापडतात. याच्या उलट प्रकार म्हणजे भविष्यातली खूण. कोणीतरी २०२४ ऐवजी २२०४ टाइप करतं, त्या रात्रीच्या डेल्टात ती ओळ येते, टोकन उडी मारून २२०४ सालात जाऊन बसतं, आणि त्यानंतर एकही माणूस येत नाही. इम्पोर्ट यशस्वी, बदल शून्य! म्हणून टोकन लिहून घेतल्यावर पहिल्यांदा ते आजच्या पुढचं तर नाही ना, हे बघावं.

आता जरा अवघड प्रकार. सरकारी कचेरीतली आवक नोंदवही आठवा. साहेब रोज संध्याकाळी वही बघतात आणि शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारतात. दुसऱ्या दिवशी रेघेखालचंच वाचतात. एका कारकुनाने ४१ नंबर घेऊन जागा रिकामी सोडली आणि कागद आणायला तो आत गेला. तेवढ्यात दुसऱ्याने ४२ नंबरची नोंद पूर्ण केली. साहेबांनी ४२च्या खाली रेघ मारली. मग ४१ची नोंद भरली गेली, ती रेघेच्या वर. ती कोणी वाचणार नाही.

डेटाबेसच्या व्यवहारांत नेमकं हेच होतं. खूण मिळते तो क्षण वेगळा आणि ती ओळ कमिट होऊन इतरांना दिसते तो क्षण वेगळा. पोस्टग्रेसमध्ये 'नाऊ' हे फंक्शन व्यवहार सुरू झाला तेव्हाची वेळ देतं, संपला तेव्हाची नाही. रात्री २ वाजता सुरू झालेला मोठा व्यवहार २ वाजून २० मिनिटांनी कमिट झाला, तर त्यातल्या सगळ्या ओळींवर २ वाजल्याचाच शिक्का असतो. सव्वादोनच्या डेल्टाने मधला एखादा छोटा बदल उचलून टोकन २:१४ला नेलेलं असेल, तर त्या साऱ्या ओळी कायमच्या मागे राहतात. वेळेऐवजी चढत्या क्रमाचा आकडा वापरला तरी सुटका नाही, कारण आकडेही कमिटच्या क्रमाने वाटले जात नाहीत. अशी गळती कधीमधीच होते, तपासायला बसलं की पुन्हा करून दाखवता येत नाही, आणि शेवटी सगळे नेटवर्कवर खापर फोडून मोकळे होतात. माझा अनुभव असा की गळलेल्या माणसांच्या खुणा रात्रीच्या एखाद्या मोठ्या जॉबच्या आसपास गोळा झालेल्या दिसल्या, तर नेटवर्क निर्दोष असतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये यावर नेमका उपाय आहे. रोव्हर्जन प्रकारचा रकाना प्रत्येक बदलाला अख्ख्या डेटाबेसभर वाढत जाणारा आकडा देतो, आणि 'मिन ॲक्टिव्ह रोव्हर्जन' हे फंक्शन अजून अर्धवट असलेल्या व्यवहारांतला सगळ्यात लहान आकडा सांगतं. वाचन त्या आकड्याच्या अलीकडेच थांबवायचं, म्हणजे रिकाम्या जागेच्या पुढे रेघ कधीच जात नाही. इतर ठिकाणी सरळ उपाय म्हणजे दर वेळी टोकनच्या थोडं मागून वाचायचं, सर्वात लांब व्यवहार चालतो त्याहून जास्त मागून. त्यात काही ओळी पुन्हा येतात. तीच ओळ दोनदा आल्याने आयडीएममध्ये काही बिघडता कामा नये, ही त्याची अट. 'कंपनीत स्वागत आहे' हा मेल एकाच माणसाला दर पंधरा मिनिटांनी जाऊ लागला, तर ती अट पाळली गेलेली नाही एवढं नक्की.

वेळेचे आणखी बारीक चिमटे आहेत. ओरॅकलच्या डेट प्रकारात वेळ सेकंदापर्यंतच असते. एकाच सेकंदातल्या पन्नास बदलांपैकी तीस वाचून टोकन त्या सेकंदावर ठेवलं, तर उरलेले वीस 'त्याहून मोठं' या अटीत बसत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार सेकंदाच्या तीनशेव्या भागाला गोल करतो. तो नव्या डेटटाइम२ प्रकाराशी ताडताना २०१६च्या आवृत्तीपासून ते अपूर्णांक पूर्ण मोजले जातात. त्यामुळे रकान्यातले ३ मिलिसेकंद टोकनमधल्या ३ मिलिसेकंदांपेक्षा किंचित मोठे ठरतात, आणि शेवटची बदललेली ओळ प्रत्येक डेल्टात पुन्हा पुन्हा येत राहते. डेटाबेसची आवृत्ती वाढवल्यावर अचानक एकच माणूस दर फेरीत 'बदललेला' दिसू लागला, तर संशय इकडे न्यावा.

टाइमझोनचा घोळ आपल्याकडे साडेपाच तासांच्या रूपात येतो. कंटेनरमधलं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आणि इथल्या कंपनीचा डेटाबेस मात्र भारतीय वेळ, झोनचा उल्लेख न करता, साठवत असतो. टोकन सर्व्हरच्या घड्याळावरून घेतलं जात असेल तर दोन शक्यता उरतात. खुणा भारतीय आणि टोकन यूटीसी असेल तर दर वेळी मागचे साडेपाच तास पुन्हा वाचले जातात. काम वाढतं, गळत काही नाही. उलट असेल तर प्रत्येक नवी खूण टोकनपेक्षा लहानच भरते आणि काहीही येत नाही. म्हणून टोकन घड्याळावरून घेऊ नये, वाचलेल्या ओळींतली सगळ्यात मोठी खूण हेच टोकन असावं. युरोपातल्या शाखेचा डेटाबेस स्थानिक वेळ साठवत असेल, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटेचा एक तास दोनदा येतो, आणि दुसऱ्या खेपेतले बदल टोकनच्या मागे पडतात.

इथवरचं सगळं एका टेबलापुरतं झालं. प्रत्यक्षात आयडीएमला क्वचितच एक टेबल मिळतं. मिळतो तो व्ह्यू, कर्मचारी, विभाग, पद, शाखा अशी चार-पाच टेबलं जोडलेला. खूण मात्र कर्मचाऱ्याच्या टेबलातून घेतलेली असते. विभागाचं नाव बदललं की विभागाच्या टेबलातली एकच ओळ बदलते. त्या विभागातल्या नऊशे माणसांच्या ओळी व्ह्यूमध्ये नव्या नावाने दिसतात, पण त्यांच्या खुणा जागच्या हलत नाहीत. उपाय म्हणून व्ह्यूमध्ये सगळ्या टेबलांच्या खुणांपैकी सर्वात मोठी द्यावी. त्यासाठी 'ग्रेटेस्ट' हे फंक्शन आहे, पण ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये दिलेल्या किमतींपैकी एक जरी नल असली तरी त्याचं उत्तर नल येतं. पोस्टग्रेस नल सोडून देतं. म्हणजे ज्याला अजून पद दिलेलं नाही त्या नव्या माणसाची खूणच नाहीशी व्हायची, आणि गळती थांबवायला केलेल्या उपायातून नवी गळती सुरू व्हायची.

मला सगळ्यात फसवा वाटतो तो पुढच्या तारखेचा प्रकार, कारण त्यात कोणाचंच काही चुकलेलं नसतं. एचआरने २० जूनला नोंद केली की अमुक व्यक्ती १ जुलैला रुजू होणार. व्ह्यू शहाणपणाने लिहिलेला असतो: रुजू होण्याची तारीख आली असेल त्यांनाच दाखव. २० जूनला ओळीवर खूण पडली, पण ओळ व्ह्यूमध्ये नव्हती. १ जुलैच्या पहाटे ओळ व्ह्यूमध्ये आली, पण तिची खूण २० जूनची आणि टोकन ३० जूनच्या रात्रीचं. डेटाबेसमध्ये १ जुलैला काहीच बदललं नाही, बदलली ती तारीख, आणि कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून कुठल्याही टेबलात खूण पडत नाही. आगाऊ नोंद केलेले कर्मचारी गळतात आणि आयत्या वेळी घाईत नोंदवलेले बरोबर पोहोचतात, असा उफराटा अनुभव येतो तेव्हा कारण बहुतेक हेच असतं. कंत्राट संपणाऱ्यांच्या बाबतीत याच गोष्टीची उलट बाजू दिसते. शेवटची तारीख उलटली की ती ओळ व्ह्यूमधून मुकाट्याने निघून जाते, आणि नसलेली ओळ डेल्टाला दिसत नाही. खातं चालूच राहतं. म्हणून तारखेची चाळणी व्ह्यूमध्ये ठेवूच नये. ओळ आधीच आयडीएमला द्यावी, 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन तारखांसकट, आणि खातं कधी सुरू नि कधी बंद करायचं ते आयडीएमला ठरवू द्यावं. मिडपॉइंटमध्ये अशा तारखा उलटल्या का हे बघत फिरणारं 'व्हॅलिडिटी स्कॅनर' नावाचं कामच आहे.

डिलीटची गोष्टही याच जातीची, पण जास्त घातक. नवा माणूस गळला तर तो स्वतः येऊन तक्रार करतो. सोडून गेलेल्याचं खातं उघडं राहिलं तर तक्रार करायला कोणी येत नाही. ते ऑडिटमध्ये सापडतं, नाहीतर त्याहून वाईट वेळी. टेबलातून ओळ पुसली की तिच्याबरोबर खुणेचा रकानाही जातो, त्यामुळे टाइमस्टॅम्पवर चालणाऱ्या कुठल्याही डेल्टाला डिलीट कळू शकत नाही. मिडपॉइंटचा तो कनेक्टर नवं आणि बदललेलं एवढंच सांगतो, पुसलेलं सांगतच नाही. यावर पुसण्याऐवजी 'निष्क्रिय' असा शेरा मारणं हा उत्तम मार्ग, पण एचआरचं सॉफ्टवेअर आपल्या मालकीचं नसतं. मग डिलीट ट्रिगरने पुसलेल्या माणसाचा नंबर वेगळ्या टेबलात टिपून ठेवायचा. मायक्रोसॉफ्टच्या आयडेंटिटी मॅनेजरमध्ये डेल्टासाठी असाच वेगळा व्ह्यू द्यावा लागतो, ज्यात भर, बदल की वगळणूक हे सांगणारा एक रकाना असतो. वाचून झालेल्या ओळी तिथून काढून टाकण्याची जबाबदारी मात्र आपलीच.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८पासून चेंज ट्रॅकिंग ही सोय आहे. ती डिलीटही नोंदवते. पण ती आठवण कायमची ठेवत नाही. वेगळं काही सांगितलं नाही तर दोन दिवस. चेंज डेटा कॅप्चर या तिच्या मोठ्या बहिणीची मुदत तीन दिवस. दिवाळीत इम्पोर्ट शनिवारी बंद पडला आणि ते बुधवारी कोणाच्या लक्षात आलं, तर मधली आठवण पुसली गेलेली असते. जुन्या टोकनवरून पुढे चालू ठेवलं तर मधले बदल न सांगता गाळले जातात. टोकन अजून ग्राह्य आहे का हे विचारायचं फंक्शन तिथे दिलेलं आहे. ते विचारलं जात नसेल, तर कनेक्टर घाईत लिहिलेला आहे असं समजावं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीही पुसलेल्या वस्तूंची आठवण आपण होऊन १८० दिवस जपते; तिच्यापुढे दोन दिवस म्हणजे फारच तोकडे.

काही वेळा ओळ डेल्टात येते आणि तरी माणूस उभा राहत नाही. तिथे मात्र आयडीएमचा लॉग उघडावा. एका ओळीत चूक निघाली की काही यंत्रणा तिथेच अडून बसतात आणि मागची सगळी रांग थांबते; काही यंत्रणा चूक लॉगमध्ये लिहून टोकन पुढे नेतात, आणि ती ओळ पुन्हा बदलेपर्यंत परत येत नाही. आपली यंत्रणा यांतली कोणती, हे तक्रार यायच्या आधी माहीत असावं. दुसरं कारण ओळख जुळण्याचं. सॅपमध्ये कर्मचारी क्रमांक आठ अंकी, पुढे शून्यं लावलेला. तो एकदा एक्सेलमधून फिरून आला की शून्यं गळतात, आणि आयडीएमला तो वेगळाच माणूस वाटतो. मराठी नावं देवनागरीत साठवणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. कऱ्हाडे या आडनावातला ऱ युनिकोडमध्ये एका अक्षरचिन्हाने लिहिता येतो, र आणि नुक्ता असा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. दोन टोकांच्या प्रणाली दोन तऱ्हांनी साठवत असतील, तर काही न बदलता दर फेरीत नाव बदलल्याचं दिसतं. दोन्हीकडे युनिकोडचं एकच प्रमाणरूप ठरवून घ्यावं.

हे सगळं नीट करूनही आठवड्यातून एकदा पूर्ण ताळमेळ, म्हणजे रिकन्सिलिएशन, चालवावंच लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. त्याचा खरा उपयोग म्हणजे त्यात किती फरक सापडले ते मोजणं. डेल्टा नीट चालत असेल तर तो आकडा शून्याजवळ असतो. तो दर आठवड्याला वाढत असेल तर वर सांगितलेल्यांपैकी काहीतरी चालू आहे. मात्र ताळमेळाला हात बांधल्याशिवाय सोडू नये. काही एचआर प्रणाली रात्री टेबल ट्रंकेट करून पुन्हा भरतात. ओरॅकल, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रंकेटने डिलीट ट्रिगर चालत नाही. वर भरती अर्धी झालेली असताना ताळमेळ सुरू झाला, तर त्याला निम्मी कंपनी नोकरी सोडून गेलेली दिसते. मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा कनेक्टमध्ये अशा वेळेसाठी अडसर आहे: एका फेरीत ५००हून जास्त डिलीट जाणार असतील तर ते थांबतं आणि माणसाला विचारतं. पण ज्या कंपनीत माणसंच चारशे आहेत तिथे ५००चा अडसर काहीच अडवत नाही. तिथे हा आकडा पाच-दहावर आणून ठेवावा.